चायनाहून आणलेला आकडा

मिलिंदच्या त्या एका चायना ट्रिपची खरी किंमत, आठ जणांची नोकरी.

तिकीट, हॉटेल कंपनीने दिलं होतं. बाकीचं तो शेवटपर्यंत फेडत राहिला.

काल रविवारी मिलिंद गेला.

रांजणगावच्या एका कंपनीत तो लाइन सुपरवायझर. मी शिरूरहून कामगारांची जीप चालवायचो. पुढे बस घेतल्या, पण तेव्हा एकच जीप, आणि शेजारच्या सीटवर कायम मिलिंद.

चीनमध्ये ऑलिम्पिक व्हायचं होतं, त्याच्या आदल्या वर्षी कंपनीने त्याला तिकडचा प्लांट बघायला पाठवलं. त्यांच्या वस्तीतून विमानात बसलेला पहिला माणूस.

परत आला तर जीपमध्ये सगळे तुटून पडले.

"साहेब, बेडूक खाल्ला का?"

"भात खाल्ला. तुझ्या डब्यापेक्षा बरा व्हता."

सगळे उतरल्यावर मला म्हणाला, "शेठ, निस्त्या पोरी हायत रं तिथं. बारा-बारा तास उभ्या. एका खोलीत दहा जणी. एकीनं लेकीचा फोटो दाखवला. लेक गावाला, आजीकडं. वर्षातनं एकदा भेट."

"हे लिहिलंस का रिपोर्टात?"

"फॉर्मात तसला रकाना न्हवता."

रकाना होता माणसांचा. तिथल्या लाइनवर अकरा, आपल्याकडे एकोणीस.

त्याने खरं तेच लिहिलं.

महिन्याभरात आठ जणांना गेटवरच थांबवलं. आठही आमच्या जीपमधले.

मग दर सुट्टीला मिलिंद त्यांचे बायोडेटा घेऊन कंपन्यांच्या गेटवर उभा. सात जणांना चिकटवलं.

आठवा इनामगावचा दत्ता. त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. तो मिलिंदशी परत कधी बोलला नाही.

मागच्या आठवड्यात दवाखान्यात मिलिंद म्हणाला, "शेठ, दत्ताला एकदा आणतोस का?"

"आणतो की. तालुक्यात माझ्या शब्दाला न्हाई म्हणणारा अजून जन्मायचाय."

इनामगावला गेलो. दत्ताने चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं.

"मामा, त्यांनी खोटं लिहिलं असं मी कवाच म्हणलो न्हाई."

"मग?"

"आधी सांगायचं व्हतं. रोज एका गाडीत बसत व्हतो की."

मी उरलेला चहा संपवला.

आकडा मिलिंदने मलाही तेव्हाच सांगितला होता. मीही कुणाला बोललो नव्हतो. माझा धंदा कंपनीवरच होता ना.

हे दत्ताला तेव्हाही सांगितलं नाही.

"मी न्हाई येणार, मामा. तुम्ही आलात, बरं वाटलं."

दवाखान्यात मिलिंदने विचारलं, "काय म्हणला?"

"येतो म्हणला. सोमवारी."

मिलिंद हसला. म्हणाला, "मग कुणाला तरी दाढी करायला सांग माझी."

आज सोमवार. सकाळी त्याला निरोप दिला. सात जण खांद्याला होते.

जय भीम, मिलिंद. माफ कर मित्रा.

दत्ता आला नाही.