ओटीपी द्या, मी वकील बोलतोय

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. अकोल्याला घरी बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असता तर तुमच्याशीही खोटंच बोललो असतो.

मी सरकारच्या एका तंत्रज्ञान संस्थेचा वकील. अमरावतीच्या कार्यालयात बसतो. गावोगावच्या सेवा केंद्रांतून लोकांना दाखले मिळतात ना, ती यंत्रणा आमची. माझं काम एकच — संस्थेवर काही शेकलं की ते दुसऱ्यावर ढकलायचं. नाक मुरडू नका. तुमच्या ऑफिसात असा माणूस नाही?

आमच्याकडे एक रीत होती. वरून आढावा बैठक लागली की एकही अर्ज अडकलेला दिसता कामा नये. मग अख्खं कार्यालय फोनला चिकटायचं. केंद्रचालकांकडून ओटीपी मागायचा, त्यांच्या नावाने आत शिरायचं आणि कागद न बघताच अर्ज पुढे सारायचे. तेरी भी चुप, मेरी भी चुप.

भातकुलीकडची वैशालीताई मात्र अडली. सासरचा विरोध पत्करून तिने केंद्र काढलं होतं, घर त्यावरच चालायचं. ओटीपी कोणाला द्यायचा नाही असं करारात आहे, म्हणाली. मला काय संताप आला! ती अट करारात मीच घातली होती — आणि ही बाई मलाच ती शिकवणार? तेव्हा आमच्या साहेबांनी फोन माझ्या हातात दिला. नाव सांगितलं नाही. एवढंच म्हणालो — मी वकील बोलतोय, माझ्या शब्दावर द्या. तिने दिला.

त्या दिवशीच्या दाखल्यांत काही बोगस निघाले. चौकशी बसली. तिने ओटीपी विकला, असं संस्थेचं म्हणणं. आणि ते मांडायला उभा कोण? मीच.

मी तिला दरडावून विचारलं, कोणी मागितला ओटीपी, नाव घ्या. ती माझ्याकडे वळली.

"नाव नाई सांगतलं त्यायनं. पण आवाज तुमचाच होता, साहेब."

सगळे हसले. मीही हसलो — हो, हसलो. उद्या ही म्हणेल जिल्हाधिकाऱ्यांनी मागितला, असं बोललो. खोटारडी म्हणालो तिला, भरल्या खोलीत. नोकरी जाईल ही भीती होती, पण खरं सांगू? भीतीपेक्षा चीड जास्त होती. तिने मला ओळखलं याची चीड. केंद्र बंद झालं. आदेशाचा मसुदा मीच केला, आणि भाषा जरुरीपेक्षा कडक ठेवली.

पुढच्या आठवड्यात कार्यालयातला फोन वाजला, मी उचलला. बोटांचे ठसे घ्यायचं मशीन कुठे जमा करायचं, ती विचारत होती. मी आवाज बारीक केला आणि भांडारात द्या म्हणालो. काळ्या कोटातला, केस पिकलेला माणूस — कारकुनासारखा किनऱ्या आवाजात बोलत होता.

"काहून आवाज बदलवून राह्यले, साहेब? माहं केंद्र त गेलंच आता."

मी त्याच बारीक आवाजात राँग नंबर म्हणालो आणि फोन ठेवला.