चौदा नंबरचा सुतळी

सुतळी हे नाव त्याला क्लबातल्या पहिल्याच दिवशी पडलं. सतरा वर्षांचा, ताडमाड उंच, अंगावर मांस म्हणून नाही. रग्बीच्या मैदानावर बाकी सगळे रेड्यासारखे आणि त्यांच्यात हा. "ह्याला कुणी धरलं तर दोन तुकडे होतील," कोच म्हणाला. पण धरणार कोण? चेंडू काखेत मारून तो कडेच्या रेषेलगत सुटला की मागचे नुसते त्याच्या बुटांचे तळवे बघत राहायचे. त्याच संध्याकाळी कोचनं त्याला चौदा नंबरचा शर्ट दिला. चौदा नंबर म्हणजे उजव्या कडेचा विंगर. बाकीच्यांनी मधे चिखलात मारामारी करायची, चेंडू हातोहात बाहेर पोचवायचा आणि शेवटी ह्यानं पळायचं. अर्थात चेंडू पोचला तर.

दिवसा तो काचेच्या दुकानात काचा कापायचा. काच कापायच्या हिरकणीनं एक सरळ रेघ ओढायची, कडेला हलका दाब द्यायचा, की काच मुकाट्यानं दुभंगायची. मालक म्हणायचा, "तुझा हात पायांपेक्षा चांगला आहे, पण हे तुला सांगून काय उपयोग?" बाविसाव्या वर्षी प्रांताच्या संघाचं पत्र आलं तेव्हा मालकानंच ते दुकानाच्या दाराला चिकटवलं.

प्रांताकडून तो एकतीस सामने खेळला. त्याच्या शेजारी, आतल्या बाजूला, तेरा नंबरला खेळायचा तो कप्तान. क्लबाचाही कप्तान तोच, प्रांताचाही तोच. चोविसाव्या वर्षी सुतळीनं कप्तानाच्या धाकट्या बहिणीशी लग्न केलं, तेव्हा सगळा संघ जेवायला होता. "आता तरी ह्याला चेंडू देशील ना?" कुणीतरी कप्तानाला विचारलं आणि हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली.

सव्विसाव्या वर्षी प्रांताचा संघ उपांत्य फेरीत पोचला. देशाच्या संघासाठी खेळाडू निवडणारा माणूस त्या दिवशी मुद्दाम सुतळीला बघायला आला होता. कोचनं ते त्याच्या कानात सांगितलंही. सुतळीचे वडील, बसडेपोतले जुने मेकॅनिक, नेहमीप्रमाणे कडेच्या दोरीला धरून उभे होते.

सामना संपायला दोन मिनिटं होती आणि संघ तीन गुणांनी मागे होता. चेंडू एकदाचा बाहेर आला, तो कप्तानाच्या हातात. त्याच्या उजवीकडे सुतळी एकटा. समोर चिटपाखरू नाही, नुसतं गवत आणि गवतापलीकडे पांढरी रेषा, जिच्यापलीकडे चेंडू टेकवला की पाच गुण. "बाहेर! बाहेर!" सुतळी घसा फोडून ओरडला. कप्तानानं एकदा मान वळवली, चेंडू छातीशी घट्ट धरला आणि स्वतःच आत घुसला. रेषेपासून हातभर अंतरावर तिघांनी त्याला आडवा केला. चेंडू सुटला. शिट्टी वाजली आणि सामना हातचा गेला.

"दिसलाच नाहीस रे," कप्तान कपडे बदलताना म्हणाला. त्याच्या भुवईतून रक्त येत होतं. सुतळीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे. होतं असं."

निवड करणारा माणूस न बोलता निघून गेला होता. अख्ख्या सामन्यात सुतळीच्या हाताला चेंडू चार वेळा लागला होता. त्यावरून तो तरी काय ठरवणार? पुढच्या मोसमात पुन्हा येतो, असं त्यानं कोचला कळवलं. पण पुढच्या मोसमाआधीच सरावात सुतळीचा गुडघा फिरला. आतून काहीतरी तटकन तुटल्याचा आवाज शेजारच्यालाही ऐकू गेला. शस्त्रक्रिया झाली, चालता आलं, पळताही आलं, पण तो वेग काही परत आला नाही. प्रांताचं पत्रही आलं नाही. दारावरचं जुनं पत्र उन्हानं इतकं विटलं, की शेवटी मालकानं ते खरवडून काढलं.

क्लबाकडून मात्र तो खेळत राहिला, आणखी आठ वर्षं. एव्हाना कप्तान क्लबाचा कोच झाला होता. एका शुक्रवारी क्लबाच्या दारावर लागलेल्या यादीत चौदा नंबरपुढे दुसरंच नाव होतं. सुतळीचं नाव खाली, दुसऱ्या संघात.

सोमवारी कप्तान दुकानात आला. क्लबाच्या खिडकीची काच फुटली होती. माप सांगून झालं तरी तो जाईना.

"यादीचं वाईट वाटलं असेल."

"पाय चालत नाहीत, तू तरी काय करणार?"

कप्तान टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "सुतळी, त्या दिवशी तू मला दिसला होतास."

कुठल्या दिवशी, हे सुतळीनं विचारलं नाही.

"चांगला दिसला होतास. पण तो माणूस तुला बघायला आला होता. मला वाटलं, एकदा त्यानं मलाही बघावं. तेवढंच."

सुतळीनं आधीच्या गिऱ्हाइकाच्या काचेवर पट्टी लावली, रेघ ओढली, काच दुभंगली. "बुधवारी घेऊन जा," तो म्हणाला.

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं. ती धुतलेले कपडे घड्या करत होती. तिचे हात थांबले नाहीत, आणि त्यावरूनच त्याला कळलं.

"तुला माहीत होतं?"

"दादानं त्याच दिवशी सांगितलं होतं. बसमधून उतरल्या उतरल्या."

"नऊ वर्षं झाली त्याला."

"सांगून काय झालं असतं? तुम्ही दोघं बोलेनासे झाला असतात. मला भाऊ एकच आहे." शर्टाची घडी दाबत ती म्हणाली, "तुझा गुडघा तसाही जाणारच होता."

तिचं बरोबर होतं आणि तिथंच सुतळीच्या सगळ्या वाटा बंद झाल्या. चिडायचं तरी कुणावर? वडील असते तर निदान त्यांना सांगितलं असतं. ते दोन वर्षांपूर्वी गेले, तेही त्या दिवशी कप्तानाला आपला मुलगा दिसलाच नाही, असंच मानून.

त्या शनिवारी तो दुसऱ्या संघाकडून खेळला. बघायला वीस-बावीस माणसं, त्यातली निम्मी आपापली कुत्री फिरवायला आलेली. एकदा चेंडू त्याच्यापर्यंत पोचला. समोर मोकळं मैदान होतं. तो सुटला, आणि दहा पावलांत एका टक्कल पडलेल्या, पोट सुटलेल्या गड्यानं त्याला मागून येऊन धरलं. खाली पडल्या पडल्या तो गडी त्याला म्हणाला, "लागलं नाही ना?"

मोसम संपेपर्यंत तो जात राहिला. नंतर गेला नाही. खेळणं सोडलं असं त्यानं कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. कप्तान अजून दर रविवारी जेवायला येतो, नव्या विंगरचं कौतुक करतो, आणि सुतळी त्याच्या ताटात भाजी वाढत म्हणतो, "पळतो चांगला. मी ऐकलंय."