दोर कोणी धरला?

सगुणा तापानं पडली त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी अंगणात दोर धुतला. ती एका टोकाला, मी दुसऱ्या. पीळ काढता काढता म्हणाली, "नीट झटका की! भाकर खाल्ली नाय का?" मी म्हणलो, "तू दिली तर खाईन." तेवढंच... आठवड्याच्या आत गेली.

मी भुतंखेतं मानणारा माणूस नाय. मसणाच्या वाटेनं कैकदा एकटा आलोय. शाळा दुसरीपर्यंत, तवा जमंल तसं लिहितो.

सगुणा माझी बायको, करमाडकडच्या धनगराची लेक. दोर बांधून सरळ कडा चढणारी आमच्याकडची पहिली बाई. औरंगाबादच्या मुलींच्या शाळेनं तिला कामावर ठेवलं. लेण्यांमागच्या डोंगरावर पोरींना चढणं, गाठी, वाट काढणं शिकवायची. लोक लई हसायचे. मी कड्यावर बसून दोर धरायचो, उतरवताना तीच हातात घ्यायची. ती गेल्यावर शाळेच्या बडीबाई म्हणाल्या, "आता तुम्हीच चालवा, नाहीतर वर्ग बंद करावा लागेल."

वर्ग मी चालू ठेवला. एक दिवस खाली दोराला टांगेवाल्या करीमभाईंची जुबेदा होती. चढायच्या आधी खालच्यानं विचारायचं, वरच्यानं सांगायचं — हा सगुणाचा कायदा. पोरगी खालून मला ओरडली, "धरलं का बाबा?"

"धरलं!"

धरलं नव्हतं. वाऱ्यानं बिडी पेटंना म्हणून मी खडकाच्या आडोशाला गेलो होतो.

जरा वेळानं किंचाळी आली, पोरीचा पाय सुटला होता. पळत आलो... दोर ताणलेला! मी बसायचो तिथून, कमरेच्या उंचीवरून, सरळ कड्याकडं. मागं कशालाच बांधलेला नाय. अन् वीत वीत सुटत होता. थांबत, थांबत. सगुणा उतरवायची तसा.

मी काय केलं? कायबी नाय. हातसुद्धा लावला नाय. जिच्यासंगं जन्म काढला तिला मी भ्यालो. पोरगी खाली टेकली तसा दोर सैल पडला.

उतरून गेलो तर जुबेदा हसत म्हणते, "बाबा, आज एकदम बाईंसारखं उतरवलं तुम्ही!" पोरींनी टाळ्या वाजवल्या. अन् मी... मान डोलावली.

परत वर जाऊन बघितलं. खुंटी नाय, झुडूप नाय, दोर अडकंल अशी फट नाय. अजूनबी कळलं नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी करीमभाईंच्या दारात गेलो. ते घोड्याला चारा टाकत होते. "आओ चाचा! बच्चीकू तुमीच बचाए," म्हणाले अन् आत चहा सांगाय लागले. बोललो तर वर्ग बंद, सगुणानं उभं केलेलं सगळंच बंद, हे ठाऊक होतं.

"चहा राहू द्या, भाई," मी म्हणलो. "मी दोर सोडून बिडी ओढाय गेलो होतो."