जैतुनबीची गाठ

बायको जैतुनबी गेली त्या दिवशी सलाउद्दीनने मांडवाची वायर दुरुस्त केली. मय्यत घरात होती, बायका रडत होत्या, आणि दारातल्या मांडवाची ट्यूबलाइट जोड सैल असल्याने लुकलुकत होती. हा उठला, दुकानातून पेचकस आणि टेप आणली, जोड पक्का केला आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसला. नाशिकच्या भद्रकालीतल्या झाडून सगळ्यांनी ते पाहिलं. शेजाऱ्याच्या घरचा नळ वर्षभर गळत असला तरी लोकांना दिसत नाही, पण कोण किती रडलं ते त्यांना बरोब्बर दिसतं.

"काळीज दगडाचं आहे," कुणी म्हणालं. "धक्का बसलाय," आणखी कुणी म्हणालं. चाळिसाव्याला जो तो जेवून हात पुसत सांगून गेला, "चाचा, रडून घ्या. मोकळे व्हा." सलाउद्दीनने सगळ्यांना मान हलवली. त्याने प्रयत्न केला नव्हता असं नाही. एका दुपारी दार लावून तो तिची चप्पल समोर ठेवून बसला होता. दहा मिनिटांनी त्याच्या लक्षात आलं, की चपलेचा अंगठा उसवलाय आणि चौक मंडईतला मोची बरा की दूध बाजारातला, याचा आपण विचार करतोय. त्याने चप्पल उचलून जागेवर ठेवली.

चार महिने झाले. तो वेळेवर उठे, नमाज पढे, दुकान उघडे. पिंपरीहून अदनान, त्याचा मुलगा, रोज संध्याकाळी फोन करी. "अब्बा, खाना खाया?" खाया. खाल्लेलंच असे. काय खाल्लं ते मात्र आठवत नसे. सलाउद्दीनला एकच भीती होती आणि ती तो कुणाला सांगू शकत नव्हता. बेचाळीस वर्षं जी बाई घरात वावरली तिच्यासाठी आपल्याला काहीच वाटत नसेल, तर मुळात काही होतं का? की आपण नुसतेच एका घरात राहत होतो?

त्याचा धंदा रेडिओचा. पुढे दुकान, मधे पडदा, पडद्यामागे घर. आता मोबाईलचे चार्जर आणि मिक्सर यांच्यावर चूल पेटते, पण व्हॉल्व्हचे जुने रेडिओ, विशेषतः शॉर्टवेव्ह पकडणारे, पारखायचे तर अख्ख्या नाशकात त्याच्याइतका हात कुणाचा नाही. असा सेट वर्षातून दोन-तीनदाच येतो. मे महिन्यात छायाताईंचा फोन आला तो अशाच एका सेटसाठी.

छायाताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, गंगापूर रोडला एकट्या राहणाऱ्या. संध्याकाळ झाली की गच्चीवर तार टाकून दूरदूरची स्टेशनं ऐकायची आणि वहीत लिहून ठेवायची, हा त्यांचा छंद. "सलाउद्दीनभाई, देवळ्याला एक आठ व्हॉल्व्हचा सेट आहे म्हणतात. फोटोत छान दिसतोय. पण तुम्ही हो म्हणाल्याशिवाय मी घेणार नाही."

"फोटोत सगळेच छान दिसतात, ताई," सलाउद्दीन म्हणाला आणि पिशवी भरायला लागला.

सेटचा मालक गोटीराम. घरावर स्लॅब टाकायचा म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा रेडिओ खाली आला होता. अंगणात शेवग्याखाली टेबल मांडून त्याने तो झाडूनपुसून ठेवला होता. पाहुणे गाडीतून उतरतात न उतरतात तोच तो पिन हातात घेऊन उभा राहिला. "चालू हाय बाबा. आत्ता लावून दाखवतो."

"थांब!" सलाउद्दीन ओरडला. दिवसभरात तेवढाच त्याचा आवाज चढला. "वीस वर्षं झोपलेल्या माणसाला कुणी एकदम पळवतं का?"

जुना रेडिओ घेताना शहाणीसुरती माणसंही हीच चूक करतात. पिन लावतात, बटण दाबतात, आणि मग धूर बघत बसतात. सलाउद्दीनची रीत वेगळी. आधी वास. मागचा पुठ्ठा काढून त्याने नाक आत घातलं. ट्रान्सफॉर्मर जळला असेल तर वास कधी जात नाही. इथे नुसता धुळीचा आणि थोडा उंदराचा वास होता. मग बोटाने लाकूड दाबून पाहिलं, कुठे भुंगा लागलाय का. काचेची पट्टी पाहिली, कारण बाकी सगळं मिळतं, आकडे छापलेली मूळ काच मिळत नाही. मग टॉर्च लावून एकेक व्हॉल्व्ह. काचेला आतून जो चांदीसारखा डाग असतो तो शाबूत असेल तर ठीक. पांढरा पडला म्हणजे आत हवा शिरली, व्हॉल्व्ह गेला. आठांपैकी सात चंदेरी होते.

"एक गेलाय, पण त्याच्यावाचून सेट अडत नाही. माझ्याकडे आहे," तो म्हणाला. छायाताईंनी वहीत लिहिलं.

गोटीरामची बायको नवसाबाई चहा घेऊन आली. ती छायाताईंना हळूच म्हणाली, "हे बाबा लय गप गप हायेत." छायाताईंनी तितक्याच हळू जैतुनबीचं सांगितलं. नवसाबाई सलाउद्दीनजवळ येऊन म्हणाली, "साखर कमी तर नाय ना, बाबा?" सगळ्या चार महिन्यांत धड बोललेली ही एकच बाई. सलाउद्दीनने चहा संपवला.

मग त्याने रेडिओच्या वाटेत शंभराचा बल्ब जोडला. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि सेट वाचतो. बल्ब लालसर झाला, मंद झाला, तसाच राहिला. व्हॉल्व्ह तापले. तार शेवग्याच्या फांदीवर टाकून त्याने बँडचं बटण वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरवलं, गंज झडावा म्हणून. दुपार कलली होती. एकतीस मीटरवर खरखरीतून एक परदेशी बाई बोलायला लागली. छायाताई लहान मुलीसारख्या हसल्या. "बोलतोय हो!"

सलाउद्दीन मागे वाकून काट्याची दोरी पाहत होता. पुढचं बटण फिरवलं की काटा पट्टीवर सरकतो तो एका धाग्यावर. या जातीच्या सेटमध्ये तो धागा गोल फिरतो, म्हणजे त्याला एक सांधा असतो, आणि तो सांधा चार बारक्या पुलींवरून जातो. गाठ जाड झाली की काटा अडतो. या सेटमधला धागा कंपनीचा नव्हता. मागाचं सूत सहापदरी पिळून, मेण लावून केलेला होता. सलाउद्दीनने बटण फिरवलं. गाठ आली. राजगिऱ्याच्या दाण्याएवढी. टोकं डावीकडे वळलेली. पुलीवरून ती अशी गेली, की काट्याला खबरही लागली नाही.

जैतुनबी मालेगावची, विणकराच्या घरची. तुटलेला धागा चालत्या मागावर डोळ्याचं पातं लवायच्या आत सांधायचा, हे तिच्या बोटांना लहानपणापासून ठाऊक. शिवाय ती डावखुरी, म्हणून तिची गाठ जगाच्या उलटी. दुकानातले सगळे धागे तीच बांधायची. पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वी कधीतरी गोटीरामच्या बापाने हा सेट नाशिकला दुरुस्तीला आणला असणार.

ही तिची गाठ आहे, हे सलाउद्दीनला कळलं. अगदी लख्ख कळलं. तो वाट पाहत राहिला. काहीच झालं नाही. व्हॉल्व्ह तापलेत, दिवा लागलाय, आणि स्पीकरमधून साधी घरघरसुद्धा नाही, अशी त्याची गत.

"काटा छान चालतो," तो सरळ होत म्हणाला. "धागा मात्र बदललेला आहे. मूळचा नाही."

"कुणी बदलला असेल?"

"नाशकातच कुणीतरी. घ्या ताई, सेट चांगला आहे."

नाशिकला आल्यावर त्याने तो दुकानात उघडला. व्हॉल्व्ह बदलला, मेण गळलेले कंडेन्सर बदलले. मग कात्री घेतली आणि धागा कापला. आता तुम्ही म्हणाल, माणूस आहे की कोण? चांगला चालणारा धागा, बायकोच्या हातचा! पण चाळीस वर्षांचा त्याचा नेम होता. हातात आलेल्या सेटचा जुना धागा ठेवायचा नाही, आज ना उद्या तुटतो. कापायचं काम त्याचं. कापायचं, आणि पडद्याकडे तोंड करून हाक मारायची, "सुनो! धागा!" मग ती ओल्या हातांनीच यायची, पदराला हात पुसायची, आणि त्याच्या स्टुलावर बसायची.

कात्री खाली ठेवून सलाउद्दीनने पडद्याकडे तोंड केलं. "सुनो," इथपर्यंत शब्द आलाही. समोर चार्जर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक उभं होतं. ते म्हणालं, "मला म्हणालात?"

"नाही," सलाउद्दीन म्हणाला आणि त्याला चार्जर दिला.

मग तो स्वतः धागा बांधायला बसला. पहिली गाठ हरभऱ्याएवढी झाली. पुलीपाशी येऊन काटा थांबला, एकतीस आणि एकेचाळीस मीटरच्या मधे. दुसरी गाठ बारीक झाली, पण ताण पडताच सुटली. तिसरीला डिंक लावला. काटा पुन्हा तिथेच थांबला. चार दिवस तो हेच करत होता. छायाताईंचा फोन आला, तर म्हणाला, "एवढंसं काम राहिलंय." खोटं नव्हतं. या चाळीस वर्षांत त्याने तिला दोन-तीनदा म्हटलंही होतं, मला शिकव. ती हसायची, "देखो," म्हणायची आणि बोटं अशी फिरवायची की डोळ्यांना काही सापडूच नये. मग त्यानेही नाद सोडला होता. हाकेच्या अंतरावर माणूस असताना शिकायचं कशाला?

पाचव्या दिवशी कापलेला धागा त्याने भंगाराच्या डब्यातून शोधून काढला, गाठीच्या दोन्ही बाजूंनी वीतभर ठेवला, काडेपेटीत घातला आणि मालेगावची एसटी पकडली.

मेहुण्याच्या घरात पुढच्या खोलीत चार यंत्रमाग खडखडत होते. एका खोलीत चार, आणि त्या गल्लीत असतील दोनशे. मालेगावात त्या आवाजात बोलायचं म्हणजे कानाला तोंड लावून ओरडायचं. मेहुणा बाजारात गेलेला. त्याची मुलगी अदिबा मागांच्या बाजूला बसून कांड्यांवर सूत भरत होती. चोवीस-पंचवीसची पोर, आत्यावर फार जीव. मय्यतीला ती इतकी रडली होती, की तिला धरून बाहेर न्यावं लागलं होतं, आणि सलाउद्दीनला तेव्हा तिचा हेवा वाटला होता.

त्याने काडेपेटी उघडून समोर धरली. अदिबाने धागा उजेडाकडे धरला, आणि तिचा चेहरा बदलला. "ये तो फूफी की गाँठ है!" ती त्याच्या कानात ओरडली. "उलटी!"

"मुझे नहीं आती," सलाउद्दीन ओरडला. "काटा अटकता है. सिखा दे."

मग तिने शेजारच्या कांडीवरून हातभर सूत तोडलं, दोन टोकं बोटांत धरली आणि थांबली. तिला हसू येत होतं आणि डोळे भरत होते, दोन्ही एकदम. ती त्याच्या कानाशी वाकली.

"फूफा, फूफी बोलती थी, ये गाँठ फूफा को कभी मत सिखाना. सीख गए तो मुझे दुकान में कौन बुलाएगा?"

सलाउद्दीनला नीट ऐकू आलं होतं. तरी त्याने विचारलं, "क्या?"

तिने पुन्हा सांगितलं. शब्दन्‌शब्द तोच.

म्हणजे ती वाट पाहत असायची. पडद्यामागे भाकरी थापताना, भांडी घासताना तिचा कान दुकानाकडे असायचा, आज कुठला सेट आलाय, कधी हाक येतेय. ती दोन बोटांची विद्या तिने चाळीस वर्षं जपून ठेवली होती, आपल्या नवऱ्याचं आपल्यावाचून अडावं म्हणून. आणि हा बावळट समजत होता, की शिकवायचं राहून गेलं. किती हाका मारल्या असतील? वर्षाला दहा? वीस? धाग्याशिवाय, उगीचच, ये जरा बस, म्हणून एकदाही नाही.

अदिबाने दोन टोकं एकमेकांवर ठेवली. "देखो," ती म्हणाली, अगदी आत्यासारखी.

सलाउद्दीनने तिचा हात धरला. "नको," तो म्हणाला. मराठीत म्हणाला की हिंदीत, त्यालाही कळलं नाही. "नको. मत सिखा."

मग त्याचं तोंड उघडलं. पहिल्यांदा त्याला वाटलं, ठसका लागलाय. छातीतून काहीतरी वर येत होतं आणि थांबत नव्हतं. मागांचा खडखडाट इतका होता, की आपला आवाज त्याला स्वतःलाही ऐकू येत नव्हता, म्हणून त्याने तो आवरलाही नाही. काडेपेटी मुठीत धरून, चारचौघांत कधी काढला नव्हता तसा आवाज त्याने काढला.

आणि तेवढ्यात लाईट गेली. चारही माग थांबले, शेजारचे थांबले, समोरचे थांबले, अख्खी गल्ली एकदम गप्प झाली. अदिबाच्या हातातलं सूत हातातच राहिलं, आणि सलाउद्दीनचं रडणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.