बेटाभोवती बंडीनं

माझ्या ऱ्हस्व-दीर्घाला आणि या वाकड्या अक्षराला आधीच माफी असावी. मी चौथी पास. शाळा सुटल्यावर लिहिलं ते फक्त बल्लारपूरला नोकरीला असलेल्या घरच्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पाठवायचं कार्ड, तेही महिन्यातून एकदा, आणि त्यात 'इकडे सर्व खुशाल' याच्यापुढे माझी मजल जात नसे. ही वही मी कोणासाठी लिहीत नाही. पण एका उन्हाळ्यात मी तोंड उघडायला हवं होतं आणि उघडलं नाही. त्याचं काय झालं ते एकदा नीट मांडून ठेवावं, असं फार दिवस मनात होतं.

आमचं गाव गोंडपिपरीच्या पुढे, वैनगंगेच्या काठावर. गावासमोर नदी दोन धारांत फुटते आणि मध्ये एक लांबट बेट राहतं. चैत्र लागला की पाणी आटतं, वाळू उघडी पडते आणि बेटाभोवती बंडीची, म्हणजे बैलगाडीची, वाट तयार होते. ती कोणी बांधत नाही. पहिली बंडी जाते, तिच्या चाकोरीतून दुसरी जाते, आणि वैशाखापर्यंत तिला रस्त्याचं रूप येतं. मिरग लागला की ती पुन्हा पाण्याखाली. लग्न होऊन आल्यापासून मी बेटाची एकच बाजू पाहिली होती, पाण्याला जाताना दिसते ती. पलीकडे काय आहे, हे मी कोणाला विचारलंही नव्हतं.

शेजारच्या घरची सून माझ्याच वयाची होती. गावात माझी मैत्रीण म्हणावी अशी ती एकटीच. तिला भाऊ नव्हता, म्हणून बापानं तिला बंडी हाकायला शिकवलं होतं. सासरी याचं कोणाला कौतुक नव्हतं. तिच्या सासऱ्यांना मीही मामाजीच म्हणायची. त्यांचा जीव त्यांच्या बंडीवर. माणसाला ताप आला तर ते एकदा विचारायचे, बंडी कुरकुरली तर चारदा वाकून बघायचे.

तिसरी आमची भाभी. ती गोंडपिपरीची, मुसलमान घरची बांगडीवाली, आम्हा दोघींपेक्षा पंधरा-एक वर्षांनी मोठी. तिचा नवरा दर लग्नसराईत बेटाभोवतीच्या गावांत बांगड्या घेऊन फिरायचा. त्या वर्षी त्याचा पाय मोडला. भाभी मामाजींच्या ओसरीवर येऊन बसली.

"भाऊ, चार दिवसाले बंडी द्या. भाडं देतो."

"बंडी देईन. पण हाकन कोण? मानसं सारी तेंदूच्या पानाले चालली."

आतून मैत्रीण म्हणाली, "मी हाकतो न."

मामाजींनी आधी बंडीकडे बघितलं. मग म्हणाले, "बाई बंडी हाकून राह्यली पाहून बेटावरची माकडं हासतीन."

"हासू द्या न भाऊ," भाभी म्हणाली. "माकडं काऊन हासून राह्यली म्हून बाया पाहाले येतीन. माह्या बांगड्या तं खपतीन!"

मामाजींना हसू आलं, पण जाता जाता त्यांनी सुनेला बजावलं, "बंडीले काई झालं, तं मंग तू अन् तुह्यी चूल. पुन्हा कासऱ्याले हात लावाचा नाई, अन् माहेराले जाच्याचं नाव काढाचं नाई." मैत्रिणीनं मान हलवली. ते गमतीत बोलत नव्हते, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

दोघींबरोबर तिसरी बाई असावी म्हणून मला घेतलं. नणंदेच्या लग्नाचा चुडा भाभी स्वस्तात देईल, या बोलीवर सासूबाई कबूल झाल्या.

आम्ही पहाटे निघालो. टोपल्यांत भाताचं तणस, तणसात बांगड्या, वरून ओलं फडकं. मैत्रीण पुढे डोक्यावर पदर घट्ट बांधून बसली होती. काठावरच्या विहिरीपाशी एक म्हातारी ओरडली, "अवं, नवरा कुठी गहान ठेवला व?"

"घरी चूल फुकून राह्यला!" मैत्रीण म्हणाली आणि बैलांना असं पळवलं की भाभीचा तोल जाऊन ती माझ्या मांडीवर आली. मी तोंडाला पदर लावून हसले. इतकं हसलेली मला लग्नानंतर आठवत नव्हतं.

भाभीच्या धंद्याचा एक नेम होता. हातात चढवताना बांगडी फुटली तर तिचे पैसे घ्यायचे नाहीत. आणि 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढली' म्हणायचं. जितक्या वाढतील तितकं तिचं नुकसान. माझ्याकडे काम होतं बायांचे हात मोहाच्या बियांचं तेल लावून मळायचं. पहिल्या गावात सात बांगड्या वाढल्या. दुसऱ्या गावात मी प्रत्येक बाईचा पंजा जरा वेळ नुसता धरून ठेवू लागले, अंगठ्याखालचं हाड सैल होईपर्यंत. तिथे दोनच वाढल्या.

भाभी म्हणाली, "तू बोलत नाईस न, म्हून बायाइचे हात ढिले पडते. माह्या बडबडीनं तं कडक होते." बाया बांगड्या भरून झाल्या की भाभीला वाकून नमस्कार करायच्या. एका नव्या नवरीनं भाभीला केला आणि चुकून मलाही केला. मी इतकी गोंधळले की उलट तिलाच हात जोडले.

पैसे थोड्याच घरी मिळायचे. कोणी वाळलेला मोह द्यायचं, कोणी चारोळी, कोणी तांदूळ. संध्याकाळी वाळूत आम्ही दोन चुली मांडायचो, आमची एक आणि थोडं अंतर सोडून भाभीची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला चाक ऐकू आलं.

माझे वडील सुतार होते. त्यांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. लहानपणी ते मला बंडीशेजारी उभं करायचे आणि म्हणायचे, "पाहू नको, आयक." उन्हाळ्यात चाकाचं लाकूड सुकून आकसतं आणि वरची लोखंडी धाव सैल होते. आधी ती बारीक किणकिणते, मग खडखडते. म्हणून उन्हाळ्यात बंडी दूर न्यायची तर रोज संध्याकाळी चाकं पाण्यात उभी करायची, म्हणजे लाकूड फुगतं आणि धाव घट्ट बसते. घरोघरी हे काम पुरुष करतात, बैल पाण्यावर नेले की त्याच वेळी. मैत्रिणीच्या माहेरी तिचा बाप करत असेल, सासरी मामाजी. तिला हाकता येत होतं, पण हे तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

उजवं चाक किणकिणत होतं.

त्या संध्याकाळी आम्ही मासे धरणाऱ्या ढिवरांच्या टरबुजाच्या वाडीजवळ उतरलो. धार वीस पावलांवर होती. मैत्रिणीनं बैल सोडले, बंडी उंच कोरड्या वाळूवर झाडाखाली लावली आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मामाजी बी इतकी बराबर लावत नाई." मी बंडीकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. मनात वाक्य तयार होतं. पण ती हाकणारी, ती दोन दिवस सगळ्यांचे टोमणे खाऊन खुशीत होती, आणि मी तिला काय सांगणार? मामाजींना कळत नसेल का? त्यांनी सांगितलंच असेल. असं म्हणत मी टरबूज कापायला बसले.

तिसऱ्या दिवशी आम्ही बेटाच्या टोकाला वळसा घातला. आयुष्यात पहिल्यांदा मी बेटाची दुसरी बाजू पाहिली. तिकडे काठ सपाट नव्हता. लाल मातीचा कडा होता, त्यात पक्ष्यांनी शेकडो बिळं केली होती, आणि कड्यावर चारोळीची झाडं. मी बघतच राहिले. तेवढ्यात धाव चाकावरून सुटली आणि आमच्यापुढे एकटीच वाळूत पळत गेली. बंडी उजवीकडे बसली. चाकाच्या लाकडी घेराचा एक तुकडा उभा चिरला. एक टोपली कलंडली.

भाभीनं आधी बैल सोडवले, मग तणस उचकून पाहिलं. "वाढल्या थोड्या," एवढंच म्हणाली.

मैत्रीण चाकापाशी खाली बसली. "आता मामाजी मले कुठीच जाऊ देनार नाई. माय दिवाळीले वाट पाहून राह्यली अन् मी..."

मी म्हणाले, "मले कालपासून आयकू येत होतं."

"काय?"

"चाक. धाव ढिली झाली होती. काल राती चाक पान्यात ठेवाले पाह्यजे होतं. मले मालूम होतं."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "तुले मालूम होतं? अन् मी बंडी सुक्यात लावली तवा तू टरबूज खाऊन राह्यली होती?"

ती पाठ फिरवून बसली.

भाभी मध्ये आली. "माराचं आसन तं मार तिले दोन. पन लवकर मार, ऊन वाढून राह्यलं."

कोणी कोणाला मारलं नाही. पण त्यानंतर मला गप्प बसवेना. खीळ काढून चाक उतरवायला मी सांगितलं. भाभी धाव आणायला गेली. तिथल्या एका वाडीवाल्या ढिवराकडून मी पळसाच्या मुळांची दोरी आणि कोयता मागून आणला. परक्या माणसाशी मी आपणहून बोलले, हे माझ्या ध्यानात बऱ्याच वेळानं आलं. चिरलेला तुकडा दोरीनं आवळला, बाभळीच्या पाचरी तासल्या. मैत्रीण तोंड फुगवूनच, पण कामाला लागली होती. तिनं चाक आधी पाण्यात ढकलायला घेतलं.

"थांब व!" मी ओरडले. "धाव आधी चढवाची, मंग पानी. लाकूड फुगलं तं धाव चढनार नाई."

"आता आवाज फुटला बाईले," ती म्हणाली. पण थांबली.

सुक्या लाकडावर धाव सहज चढली. पाचरी ठोकल्या, चाक धारेत आडवं टाकलं, वर दगड ठेवले. दुसरं चाकही काढून शेजारी टाकलं. त्या संध्याकाळी लाकडं गोळा करायला कोणातच त्राण नव्हतं, म्हणून एकच चूल पेटवली. भाभीनं भात टाकला आणि आम्ही तिघी त्याच भांड्यातला जेवलो.

सकाळी धाव अशी बसली होती की कोयत्याचं टोकही आत जाईना. तरी चिरलेल्या लाकडाचा भरवसा नव्हता. बंडी रिकामी चालवायची, टोपल्या डोक्यावर घ्यायच्या, असं ठरलं. मागे फिरणं आणि पुढे जाणं सारख्याच अंतराचं होतं. भाभी म्हणाली, "मंग पुढं काऊन नाई जाच? बांगड्या हायेत अजून." उरलेली दोन्ही गावं आम्ही बंडीशेजारून चालत केली. शेवटच्या गावात एकही बांगडी वाढली नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी बेटाला पूर्ण फेरा घालून आम्ही आमच्या काठाला लागलो.

मामाजी काठावरच उभे होते. दोरीनं बांधलेलं चाक त्यांना लांबूनच दिसलं. मैत्रिणीनं पदर पुढे ओढला. मी त्यांच्यासमोर तोवर कधी एक शब्द बोलले नव्हते. डोक्यावरची टोपली मी वाळूवर ठेवली.

मी म्हणाले, "मामाजी, हिची चूक नाई. चाक भिजवाचं मले मालूम होतं, मी बोलली नाई. चाकाचे पैसे मी देईन. हिले दिवाळीले माहेरी जाऊ द्या."

ते आधी चाकाशी वाकले. पाचरी बोटानं चाचपल्या, दोरीची गाठ ओढून पाहिली. "हे कोनं बांधलं?"

"मी."

"बाप सुतार होता न तुह्या?"

"हो."

"मंग तोंड काऊन नाई उघडलं वेळेवर?" ते पुन्हा चाकाकडे वळले. "नवं चाक बावीस रुपयाचं. सवडीनं दे. पन पुरे दे."

मैत्रिणीचं काय, हे ते बोलले नाहीत. आठ दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. नवव्या दिवशी ती तेंदूच्या पानाला जाताना माझ्या दारात थांबली. "चाल व, कर्जदारीन. पानं तोडल्याशिवाय बावीस रुपये कुठून आनशीन?"

पानांचे आठ रुपये आले. सुट्टीवर आले तेव्हा घरच्यांनी सारा प्रकार ऐकला आणि म्हणाले की पगारातून देऊन टाकतो. मी नको म्हणाले. ते हसले आणि म्हणाले, "तुले नाई म्हनता बी येते, हे आज कळलं." रोवणीची मजुरी, धान कापणीची मजुरी, असं करत दिवाळीपर्यंत चौदा रुपये झाले. दिवाळीला मैत्रीण माहेरी गेली. मामाजींनी स्वतः बंडी जुंपली, कासरा तिच्या हातात दिला आणि आपण मागे बसले. गावानं ते पाहिलं.

संक्रांतीला भाभीनं निरोप पाठवला. गोंडपिपरीच्या बाजारात बायांची गर्दी होती आणि तिला हात मळणारी हवी होती. मी तीन बाजार तिच्याबरोबर बसले. त्यानंतर दर बाजाराला बसू लागले. बाया मला ओळखू लागल्या. 'ते मुकी बाई कुठी हाय? तिच्याकडूनच हात मळून घेईन,' म्हणायच्या. पुढे मी मुकी राहिले नाही, पण नाव तेच राहिलं.

चैत्रात वाळू पुन्हा उघडी पडली. भाभी बंडी मागायला आली, तेव्हा मी तिच्याबरोबरच ओसरीवर गेले. उरलेले आठ रुपये मी पदराच्या गाठीतून सोडून मामाजींपुढे ठेवले. त्यात भाभीचे मजुरीचे पाच होते, अंडी विकून आलेले तीन. त्यांनी ते दोनदा मोजले. मग चंची काढून पैसे आत ठेवले, दोरी आवळली आणि म्हणाले, "बावीस झाले. आता तुह्यं माह्यं देनं-घेनं काई नाई राह्यलं. बंडी घेऊन जा, पन चाकं रोज राती पान्यात ठेवा."