कुंकवाखालचा आकडा

मास्तरांच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात स्टोअरचा माल मोजून घेत होते. तिने आधी घराचं सांगितलं. ठाकूरद्वारची त्यांची चाळ अखेर पुनर्बांधणीला गेली, सोमवारी सकाळी टेम्पो येणार, मधल्या काळासाठी करी रोडला एका टॉवरमध्ये एवढीशी जागा मिळाली आहे. मग खरं काम सांगितलं.

"ताई, ते तुमचं प्रेसमधलं धूड अजून आमच्या माळ्याखाली आहे. बाबा म्हणतात, तेही येणार. मी म्हटलं, चालू होत असेल तर नेऊ, नाहीतर भंगारवाल्याला देऊ. तर म्हणाले, सिस्टिमबाईंना बोलाव."

सिस्टिमबाई म्हणजे मी. गिरगावातल्या ज्या छापखान्यात मी नोकरीला लागले तिथे पुस्तकांची जुळणी नव्याने कॉम्प्युटरवर आली होती आणि ती सगळी यंत्रं माझ्या ताब्यात होती. मास्तर अक्षरं काढायचे. शाईने कागदावर नव्हे, पडद्यावर. प्रत्येक अक्षराच्या कडेवर बिंदू ठेवायचे आणि रेषेला हवा तसा बाक द्यायचा, असं ते काम. त्यासाठी मालकांनी एक परदेशी वर्कस्टेशन आणलं होतं. मास्तरांनी वर्षानुवर्षं त्यावर पुस्तकाच्या मजकुरासाठी एक देवनागरी टंक, म्हणजे फॉन्ट, बांधला. तो छापून यायच्या आत छापखाना बंद पडला. कागदावरची रेखाटनं रद्दीत गेली. यंत्र मास्तर हातगाडीवर घालून घरी घेऊन आले.

शनिवारी सकाळी मी पोचले तेव्हा खोलीत खोकी रचलेली होती आणि मास्तर मधोमध खुर्चीवर बसून होते. हात मांडीवर दाबून ठेवले होते. सोडले की थरथरायचे.

"आलीस? बघ जरा. माझ्याच्याने आता पुन्हा काढणं नाही," एवढंच म्हणाले.

त्या एका वाक्यात सगळं आलं. यंत्र सुरू झालं तर टंक आहे, नाही झालं तर नाही.

सुनेचा प्रश्न रास्त होता. "ताई, नुसती डिस्क काढून दुसरीकडे लावता नाही येत?"

लावता येते. पण अक्षरं ज्या प्रोग्रामच्या पोटात होती तो प्रोग्राम आज दुसरीकडे कुठे चालत नाही, आणि त्याचा परवाना त्या एकाच यंत्राच्या क्रमांकाला बांधलेला. प्रत्येक यंत्राला आपला स्वतःचा क्रमांक असायचा. प्रोग्राम सुरू होताना तो विचारायचा, जुळला नाही की तोंडावर दार बंद. त्यामुळे दुरुस्त करायचं ते हेच यंत्र.

माझी पद्धत ठरलेली आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय झालं ते लिहायचं, मग पुढची. घाईत दोन गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच. हे वाईट वाटतं, पण पंखा फिरतो म्हणजे वीजपुरवठा शाबूत. मी कीबोर्ड काढून टाकला.

"अगं, बिघडवू नको," मास्तर म्हणाले.

"मास्तर, याला कीबोर्ड सापडला नाही की हे पडद्याशी बोलत नाही, मागच्या सिरीयल पोर्टमधून बोलतं. मला ते ऐकायचंय."

केबल मी घरून आणली होती. ती लॅपटॉपला जोडली, दोन्हीकडचा वेग जुळवला, बटण पुन्हा दाबलं. लॅपटॉपवर ओळी उतरायला लागल्या. यंत्र स्वतःची तपासणी करत होतं: प्रोसेसर ठीक, घड्याळ नाही, मेमरीची पहिली जोडी ठीक, दुसऱ्या जोडीत बिघाड. तिथेच थांबलं.

झाकण उघडून बोर्ड खिडकीच्या उजेडात धरला आणि मला आधी कळेचना. हिरव्या बोर्डावर लाल ठिपके होते. दुसऱ्या जोडीच्या खाचेतली मेमरीची पट्टी ओढून काढली तर खाचेच्या टोकाला तांदळाचा दाणा. कुंकू लागलेला.

"मास्तर, या यंत्रात अक्षता कशा?"

मास्तर शांतपणे म्हणाले, "खंडेनवमीला नाही का आपण पूजा करायचो. प्रेसची शेवटची खंडेनवमी होती. वरच्या डब्याला कुंकू लावून काय उपयोग? मेंदू आत. म्हणून झाकण काढलं."

"आणि अक्षता टाकल्या?"

"टाकल्या. कुंकू लावल्यावर अक्षता नको का लावायला?"

सून तोंडाला पदर लावून आत गेली. मी बौद्ध घरातली, भोईवाड्यातली. छापखान्यात पूजेच्या वेळी मी पेढ्यांचे बॉक्स उघडायचं काम अंगावर घ्यायची, त्यामुळे हा सोहळा माझ्या पाठीमागे झाला होता. ऑफसेटच्या यंत्राला हार घालतात, कटिंग मशीनला घालतात, तसंच हेही. फक्त ऑफसेटच्या यंत्राला एका दाण्याने काही होत नाही.

दाणा चिमट्याने काढला. पट्टीची टोकं खोडरबराने घासली, खाच स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, पट्टी टक् आवाज येईपर्यंत दाबली. या वेळी तपासणी पार पडली. कीबोर्ड परत लावला, मॉनिटर उजळला. हिरवट, पण उजळला. मास्तर खुर्ची ओढून पुढे आले.

पडद्यावर ओळ आली की यंत्राला स्वतःचा क्रमांक आठवत नाही.

याची मला धास्ती होतीच. बोर्डावर एक उंच चिप असते, तिच्या पोटात बॅटरी. त्या बॅटरीवर क्रमांक टिकतो. बॅटरी मेली की यंत्र आपलं नाव विसरतं. चिप काढून मी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चालत गेले. पहिल्या दुकानदाराने ती उलटसुलट करून पाहिली.

"मॅडम, ये तो मेरे से भी पुराना है. नया बोलके देगा कोई, अंदर की बॅटरी उसकी भी मरेली."

बोलला ते खरं होतं. मी त्याच्याकडून बटणासारखी बॅटरी, तिचा खोबणीचा कप्पा आणि बारीक वायर घेतली. परत येऊन चिपच्या डोक्यावरचं प्लॅस्टिक करवतीच्या पात्याने हळूहळू खरवडलं, आतली दोन टोकं उघडी केली, मेलेली बॅटरी तोडली आणि नवीला वायरने जोडलं. सोल्डरिंगचा डाग देताना सुनेने टॉर्च धरला. हे काम मला येतं म्हणून अभिमान नाही, पण त्या दिवशी हात स्थिर राहिला याचं बरं वाटलं.

आता चिपला तिचा क्रमांक सांगायचा होता. तो चिपच्या एका कडेला चिकटवलेल्या पांढऱ्या पट्टीवर छापलेला असतो. पट्टी होती. तिच्या मधोमध कुंकवाचा टिळा होता.

"सगळ्यात उंच तीच दिसली," मास्तर म्हणाले. "समोर पांढरी पट्टी, कपाळासारखी."

पुसून पुसून बाकी आकडे निघाले, एक नाही निघाला. कुंकू कागदात मुरलं होतं आणि खालची शाई उडाली होती. मास्तरांनी भिंग मागितलं. आयुष्य अक्षरांच्या कडा बघण्यात गेलेलं, त्यामुळे मी मुकाट दिलं.

"उजवीकडे पोट आहे. आठ."

आठ घातला. यंत्र सुरू करून प्रोग्रामपर्यंत पोचायला चहा उकळून गाळून होईल इतका वेळ लागायचा. प्रोग्राम म्हणाला, परवाना नाही.

"मग तीन. तीनलाही पोट असतं. ज्याने हा आकडा काढला त्याला काढायची अक्कल नव्हती."

तीनही नाही.

"मास्तर, आता अंदाज बंद. यात शून्य ते नऊ आणि पुढे ए ते एफ, एवढीच चिन्हं असतात. सोळाच. ओळीने घालू."

"प्रत्येक वेळी एवढं थांबायचं?"

"तुम्ही एका 'क्ष'ला महिना लावायचात."

आम्ही ओळीने निघालो. सून मधे मधे खोक्यांवर चिकटपट्टी लावत होती आणि प्रत्येक वेळी मान वर करून विचारायची, "झालं?" मी नाही म्हणायची आणि वहीत काट मारायची. नऊ संपला तेव्हा मास्तरांनी भिंग खाली ठेवलं होतं. ए नाही. बी नाही, आणि बीवर माझी भिस्त होती. सी नाही. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की दुसराच कुठला आकडा मी चुकीचा वाचला असेल तर. तो विचार बाजूला ठेवला, कारण त्याची पाळी एफ संपल्यावर होती.

डी घातला. प्रोग्रामची पाटी आली, गेली, आणि रिकामी चौकट उघडली.

मी फाइल उघडली. चौकटीत अक्षरं ओळीने भरत गेली, अ पासून.

"डी," मास्तर म्हणाले. "मी आकड्यांत शोधत बसलो. ते अक्षर होतं."

"पोट होतंच की."

"पोट होतं," ते म्हणाले आणि हसले.

लगेच पडद्याकडे बोट करायला लागले. "तो 'श' बघ. त्याची गाठ खाली राहिलीये. तेव्हाच मला..."

"आधी सगळी बाहेर काढते," मी म्हटलं. "ही बॅटरी मी लावलेली आहे, तिच्यावर माझा भरवसा नाही." आजही वाचता येईल अशा साध्या रूपात एकेक अक्षर काढून त्याच सिरीयल केबलने लॅपटॉपवर पाठवत गेले. वेग गोगलगायीचा होता. जोडाक्षरं रविवारी दुपारी संपली. प्रत तीन ठिकाणी ठेवली, त्यांतली एक सुनेच्या फोनमध्ये. प्रत्येक प्रत उघडून पाहिली.

मग मी खुर्ची सरकवून मास्तरांना पडद्यासमोर जागा दिली. त्यांनी माउसवर हात ठेवला. बाण पडद्यावर सैरावैरा पळायला लागला. त्यांनी हात काढून घेतला आणि माउस माझ्याकडे ढकलला.

"तू धर. गाठीवरचा बिंदू पकड. वर घे."

घेतला.

"अजून. जरा डावीकडे. इतका नाही, मागे ये."

सुनेने विचारलं की आता मॉनिटर पॅक करू का. मास्तरांनी मान न वळवता हात वर केला.

"वर," ते मला म्हणाले. "अजून थोडा. अजून."