पाठीला माती

माझ्या भावाचा गळा मी आजवर कितीदा आवळला याचा हिशेब नाही. हातही मोडलेत त्याचे, कधी डावा, कधी उजवा. फोनवरचा कुस्तीचा गेम आहे. ऑनलाइन दोघं समोरासमोर येतात, सांधे पिरगळतात, नरडं दाबतात. सापडलेल्याने बटण दाबून थाप मारली, म्हणजे हार मानली, की सुटका. नाही मानली तर हाड मोडल्याचा आवाज येतो. तो आवाज त्यांनी फार झकास केलाय.

गेम माझ्या फोनमध्ये टाकून दिला तो दादानेच, मी माहेरी कासूला होते तेव्हा. तो जत्रेच्या आखाड्यात कुस्त्या मारलेला गडी, आता डोलवीच्या पोलाद कारखान्यात ठेकेदाराकडे पहिल्या पाळीला कामाला. पुढे मी लग्न ठरवलं ते रोह्यातल्या मुलाशी, आणि तो आमच्या जातीतला नव्हता. दादाने आम्हाला पेणच्या एसटी स्टँडबाहेर गाठलं. त्याने त्या मुलाला कमरेत धरून उचललं आणि डांबरावर आपटलं. कोपराचा आवाज मी ऐकलाय. लोक वडापाव खात बघत होते.

तो मुलगा आता माझा नवरा आहे. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो, पण उजवा हात सरळ होत नाही. दादाने माझा नंबर ब्लॉक केला. गेममधून मात्र काढलं नाही. विसरला असेल म्हणावं, तर रोज दुपारी, पहिली पाळी सुटली की, त्याचं आव्हान यायचं. मग मी हातातलं काम टाकून त्याला तुडवायला बसायची.

त्याला हरवायची माझी रीत साधी. आधी आपण हल्ला करायचाच नाही. मनगट धरून लोंबकळायचं, त्याला ओढू द्यायचं, ढकलू द्यायचं. स्क्रीनवर दमाची पट्टी असते, ती त्याची भराभर उतरते. वर गेमच्या माइकवरून डिवचायचं. 'जेवला नाहीस का रे?' म्हटलं की तो पेटतो, सगळी बटणं एकदम दाबतो आणि पट्टी संपवून बसतो. मग पाय काढून पाडायचं.

खरी गंमत पाडल्यावर. आखाड्यात पाठ मातीला लागली की कुस्ती गेली, हे त्याच्या हाडात मुरलेलं. म्हणून पडला रे पडला की तो पालथा होतो. या गेममध्ये पाठीवर पडलेला माणूस मुळीच हरत नाही. उलट खालून पायांची कात्री घालून वरच्याचं नरडं आवळतो. पालथा झालेला मात्र मेला. त्याच्या पाठीवर बसायचं, हनुवटीखाली हात सारायचा आणि दाबायचं. दादाला हे ठाऊक होतं, मीच शंभरदा ओरडून सांगितलं होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आणि थाप तर तो कधीच मारायचा नाही. त्याचा पैलवान बेशुद्ध पडायचा, पण हार मानायचा नाही.

एके दिवशी नवरा माझ्यासमोर एका हाताने शर्ट घालायची खटपट करत होता. माझं डोकं फिरलं. दुपारी आव्हान आलं तशी माइकवर म्हणाले, "दादा, आज पैज. मी जिंकले तर तू रोह्याला यायचं. माझ्या नवऱ्याची माफी मागायची."

"आनि मी जिंकलो तर?"

"तर गेममधूनपन काढून टाक मला. बहीण नाय तुला."

 तो म्हणाला, "तीन कुस्त्या."

पहिलीत तो नेहमीसारखा पालथा झाला, मी गळा आवळून झोपवला. दुसरीत त्याने मला बोलूच दिलं नाही. उचलून असं आपटलं की मला पेणचं डांबर दिसलं, आणि गुडघा पिरगळून मोडला.  भीती वाटली, खरंच वाटली. हा गेला तर माहेर म्हणून कोणीच उरत नव्हतं.

तिसरी सुरू झाली. मी मनगट धरायला पुढे सरकले, तर तो मधोमध खाली बसला. दम पूर्ण भरलेला, मी बोटही लावलं नव्हतं. आणि आपणहून उताणा झाला. दोन्ही हात बाजूला.

डाव वाटला मला. जवळ गेले की पायांची कात्री येणार. मी भोवती फिरत राहिले, शिव्या घातल्या. "ऊठ! लढ की!"

तो काही उठला नाही.

"पाठीला माती लागली गो माझ्या," माइकवर त्याचा आवाज फुटला. "आता आनि काय करू? कधी येऊ ता सांग."

मला रडू आलं. स्क्रीन दिसेना. तशातच मी त्याचा उजवा हात धरला, कोपरातून उलटा दाबला आणि आवाज येईपर्यंत सोडला नाही. त्याने सोडवायचा प्रयत्नही केला नाही.

मग म्हटलं, "रविवारी ये. जेवायलाच ये."